पाण्याची जादू आणि तिचा नियम

एपिक फँटसीत जादूला मर्यादा असते आणि त्या मर्यादेभोवतीच सगळं राज्य उभं राहतं. असं एक जग आपल्या शहरातही होऊन गेलंय.

इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. त्याची जादू म्हणजे नहर-ए-अंबरी. उत्तरेकडच्या डोंगरांतलं पाणी जमिनीखालून, कुठलाही पंप न लावता, शहरातल्या हौदांत यायचं. पुढे अशाच एका नहरीवर पाणचक्की फिरली. तिथे पाणी उंच भिंतीतून वर चढून हौदात कोसळतं. बघणाऱ्याला चमत्कारच वाटावा!

पण नियम पक्का: पाणी उगमापेक्षा वर चढत नाही. म्हणजे डोंगर राखला तरच शहर जगणार.

मग विजेचे पंप आले. जायकवाडी शहरापेक्षा खाली, तरी पाणी वर येतं. नियम मोडला असं वाटलं. खरं तर मर्यादा फक्त डोंगरातून वीजबिलात आणि नळाच्या वेळापत्रकात गेली. वर्षानुवर्षं आपण नळाची वाट बघतोय ती त्यामुळेही.

पुढच्या वेळी पाणचक्कीला गेलात, तर सेल्फीच्या आधी एवढं विचारा: हे पाणी येतं कुठून?