मोटारीच्या बैठकीचे कातडे आणि रंगाची जुळणी : मुळशी-पुणे-मुंबई परिसराच्या संदर्भात

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात, मोसे नदीवरील वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी लवासा हे नगर वसविण्यात आले. २००१ साली महाराष्ट्र शासनाने या खोऱ्यातील अठरा गावांचा परिसर गिरिस्थानासाठी अधिसूचित केला. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बांधकाम थांबविण्याचा आदेश दिला, पुढील वर्षी पहिल्या टप्प्यास सशर्त मान्यता मिळाली, आणि २०१८ मध्ये प्रवर्तक कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. या घटनाक्रमाची चर्चा पुष्कळ झाली आहे. तिच्यात न आलेली एक साधी बाब अशी की, हे नगर मुळातच मोटारीने येणाऱ्यांचे आहे. येथे लोहमार्ग नाही. पुण्याहून वा मुंबईहून येणारा मनुष्य घाट चढून येतो आणि आपली गाडी सह्याद्रीच्या पावसात उभी करतो.

या पावसाळी हवेत कातड्याच्या बैठकीची परीक्षा होते. बंद गाडीत दमट हवा कोंडली की कातड्यावर बुरशी धरते, शिवणीचा दोरा कुजतो. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तेच कातडे ताठरते आणि शिवणीलगत फाटते. बहुधा सगळी बैठक खराब होत नाही, चालकाच्या बाजूचा एखादाच भाग जातो. तेवढाच बदलावा असे मालकास वाटते, आणि तेथेच अडचण उभी राहते : नवे कातडे जुन्याशेजारी परके दिसते. प्रस्तुत लेखात या अडचणीचा इतिहास पाहिला आहे. रंग जुळविण्याचे ज्ञान महाराष्ट्रात होते आणि त्यास लागणारे एक मुख्य द्रव्य याच डोंगरांतून जात होते. परंतु ते ज्ञान ज्यांच्या हातांत होते त्यांच्याविषयीच्या सामाजिक दृष्टीमुळे त्याची नोंद अपुरी राहिली, असे येथील प्रतिपादन आहे.

हिरडा, बाभूळ आणि हिराकस

सह्याद्रीच्या माथ्यावरील जंगलांत हिरड्याचे झाड विपुल आढळते. जुन्नर, आंबेगाव, मुळशी, भोर या पट्ट्यात हिरडा गोळा करणे हा डोंगरी कुटुंबांचा जुना जोडधंदा होय. कोवळेपणी गळलेला वा तोडलेला बाळहिरडा औषधाकडे जातो. पक्व, मोठे फळ कातडे कमाविण्यास उपयोगी पडते. ब्रिटिश काळात हिरडा हे निर्यातीचे महत्त्वाचे द्रव्य होते. इंग्लंडच्या बाजारात त्याच्या प्रती भिमली, जबलपूर, राजपूर आणि वेंगुर्ला अशा नावांनी ओळखल्या जात. वेंगुर्ल्याचे नाव त्या यादीत असावे, यावरून कोकणच्या बंदरांतून होणाऱ्या या व्यापाराची कल्पना येते. सह्याद्रीचा हिरडा बोटीने जाऊन तेथील कातड्यात मुरे आणि त्यातील काही कातडे मोटारीची बैठक होऊन मुंबईस परत येत असणे अशक्य नाही. एखाद्या विशिष्ट गाडीबाबत ते सिद्ध करता येणार नाही. व्यापाराची दिशा मात्र तशी होती.

रंगजुळणीच्या दृष्टीने हिरड्याचे महत्त्व त्याच्या रसायनात आहे. वनस्पतिज कमावणीची द्रव्ये स्थूलमानाने दोन प्रकारची असतात. बाभळीच्या सालीतील द्रव्य उजेडात तांबूस होत जाते. हिरड्यातील द्रव्य तितके बदलत नाही आणि कातड्यास फिकट पिवळसर छटा देते. म्हणून एकाच दिवशी सारख्या दिसणाऱ्या दोन तुकड्यांपैकी एक बाभळीचा व दुसरा हिरड्याचा असेल, तर दोन-तीन उन्हाळ्यांनंतर ते वेगळे दिसू लागतात. जुन्या कारागिरास हे पुस्तकाने नव्हे तर नजरेने ठाऊक असे. तुकडा कशात कमावला आहे हे तो काप घेऊन, वासावरून व आतल्या रंगावरून ओळखे, कारण त्यावर त्या तुकड्याचा पुढचा रंग अवलंबून असे.

तिसरे द्रव्य हिराकस. हिरड्याच्या पाण्यात लोहाचा हा क्षार पडला की काळा रंग तयार होतो. जुनी शाई याच क्रियेने होत असे, आणि चपलेचे काळे कातडेही. मोटारीच्या बैठकीत हीच क्रिया नको तेव्हा घडे. पूर्वी कातडे लाकडी चौकटीवर लोखंडी चुकांनी ठोकले जाई. पावसाळ्यात चुका गंजत आणि प्रत्येक चुकेभोवती निळसर काळा डाग पसरे. हा डाग वरून लागलेला नसून कातड्याच्या अंगातच तयार झालेला असल्याने धुऊन जात नाही. वनस्पतिज कमावणीच्या कातड्यावर तो दिसला की ती पट्टी बदलण्यावाचून किंवा सगळी बैठक गडद करण्यावाचून उपाय नसे. जुन्या गाड्यांच्या बैठकी दुरुस्तीनंतर मूळच्यापेक्षा गडद का दिसतात, याचे एक कारण येथे सापडते.

इ. स. १८८५ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्याविषयीचा अठरावा खंड निघाला. १९०३ मध्ये जे. आर. मार्टिन यांची इलाख्यातील कातडी कमावणी व चर्मकामावरील पुस्तिका आली आणि १९१० मध्ये ए. गथ्री यांचा चर्मोद्योगावरील अहवाल. कोणती जात कोणते काम करते, धंद्याची स्थिती काय, सरकारने काय करावे, असे प्रश्न या लेखनास महत्त्वाचे वाटतात. कातडे कमाविणारा ढोर समाज व त्यापासून वस्तू घडविणारा चर्मकार समाज येथे लोकसंख्या आणि श्रम म्हणून दिसतो. रंगाची पारख असलेला तज्ज्ञ म्हणून क्वचितच. देशी विद्वत्तेने तर या विषयास स्पर्शही करू नये, असेच जणू ठरविले होते. मेलेल्या जनावराशी जोडलेल्या कामावर अस्पृश्यतेचा शिक्का असल्याने त्यातील कौशल्य हे ज्ञान मानले गेले नाही. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांशी निगडित लाचारीचे व्यवहार सोडण्याचे आवाहन केले, ते याच पार्श्वभूमीवर. पुढे वर्धा येथील नालवाडीत गोपाळराव वाळुंजकर यांनी आणि कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी चर्मालयाचे प्रयोग केले. त्यांचा हेतू श्रमास प्रतिष्ठा मिळवून देण्याचा होता. तथापि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ते काम सक्तीने करावे लागले, त्यांनी ते सोडले यात आश्चर्य नाही, आणि त्याबद्दल हळहळण्याचा अधिकार इतरांना नाही.

चालकाचे कातडे, मालकाचे कापड

मुंबईत मोटारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागल्या. १९१९ मध्ये वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची स्थापना झाली आणि १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. आज कातडी बैठक ही श्रीमंतीची खूण समजली जाते. आरंभीच्या काळात तसे नव्हते. बंद डब्याच्या मोठ्या गाडीत पुढची उघडी जागा चालकाची असे. ती पावसात भिजे म्हणून तेथे कातडे लावीत. मागे मालक बसे, त्याची बैठक उंची लोकरी कापडाची असे. टपाच्या उघड्या गाड्यांत सर्वच बैठकी कातड्याच्या असत, त्याचे कारणही पाऊसच. म्हणजे कातडे हे प्रथम सोशिकपणासाठी निवडले गेले; त्यास प्रतिष्ठा मागाहून आली.

या गाड्यांची दुरुस्ती करणारा वर्ग घोडागाडीच्या धंद्यातून आला. व्हिक्टोरिया आणि बग्गी यांच्या गाद्या भरणारे, टप शिवणारे हातच मोटारीकडे वळले. कोल्हापूरसारख्या संस्थानांत मोटारखाने होते आणि त्यांस जोडून बैठकीचे काम करणारेही. कोल्हापूर संस्थानची मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यात आजही लोकांच्या कुतूहलाचा विषय असते. तिचे पत्रे व यंत्र यांविषयी पुष्कळ बोलले जाते, बैठकीविषयी फारसे नाही.

आयात कातड्याच्या जागी देशी कातडे बसविताना कारागिरापुढे काय पेच असे, हे समजण्यास कातडे रंगविण्याच्या पद्धती पाहाव्या लागतात. एका पद्धतीत रंग कातड्याच्या अंगात मुरविला जातो. दुसरीत वरून रंगद्रव्याचा थर देतात व त्यावर पारदर्शक लेप. पहिल्या प्रकारात कातड्याचे रंध्र व डाग दिसतात, झीजही रंगासह होते. दुसऱ्यात पृष्ठ एकसारखे दिसते, पण थर तडकला की खालचे फिकट कातडे उघडे पडते. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांच्या प्रयत्नांनी क्रोम कमावणी भारतात रुजू लागली. क्रोमने कमावलेले कातडे मुळात निळसर असते. त्यावर दिलेला तपकिरी रंग आणि हिरड्याच्या पिवळसर कातड्यावर दिलेला तोच तपकिरी रंग सारखे दिसत नाहीत. दिवसा जुळलेले दोन तुकडे रात्री दिव्याखाली विजोड दिसतात, ही तक्रार कारागिराच्या कामचुकारपणाची म्हणून सांगितली जाते. वस्तुतः वेगवेगळ्या द्रव्यांनी साधलेला सारखा रंग प्रकाश बदलताच वेगळा होतो. म्हणून जाणता कारागीर नमुना दुकानात नव्हे, अंगणात सावलीला नेऊन पाही.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न हा की, जुळवायचे कशाशी? बैठकीच्या कडेचे, चौकटीखाली दुमडलेले कातडे उन्हापासून वाचलेले असते. तेथे मूळ रंग टिकतो. दर्शनी भागाने मात्र ऊन, घाम, धूळ आणि तेल सोसलेले असते. मूळ रंगाशी जुळविले तर नवा तुकडा शेजारच्यापेक्षा उठून दिसतो. दर्शनी रंगाशी जुळविले तर आज ठीक दिसते. पण जुने कातडे बरेचसे उतरून चुकलेले असते, नवे अजून उतरायचे असते, आणि काही वर्षांनी अंतर पुन्हा पडते. यावर कुशन कारागिरांत रूढ असलेला तोडगा उल्लेखनीय आहे : बैठकीच्या मागील, न दिसणाऱ्या बाजूचे जुने कातडे काढून ते पुढील फाटक्या भागी बसवावयाचे आणि नवे कातडे मागे लावावयाचे. त्याच गाडीत, तितकीच वर्षे काढलेले कातडे शेजारी आल्याने जोड कमी जाणवतो. शिवाय पट्टी शिवणीपासून शिवणीपर्यंत पूर्ण बदलावयाची, मध्ये ठिगळ लावावयाचे नाही, कारण शिवणीच्या खाचेवर डोळा थोडा फरक माफ करतो. या युक्तीचा जनक कोण हे कोणीही नोंदविलेले नाही.

रेक्झिनचा काळ

१९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. त्यांनीच १९२६ मध्ये स्थापिलेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने पुढे लवासाचा प्रकल्प हाती घेतला, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे. स्वातंत्र्यानंतर आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी गाड्या व त्यांचे सुटे भाग दुर्मीळ झाले. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये जोडणी बंद केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाट व नंतरच्या पद्मिनी गाड्यांच्या बैठकी बव्हंशी कृत्रिम कातड्याच्या होत्या. रेक्झिन हे मूळ एका ब्रिटिश उत्पादनाचे नाव. मराठीत ते सर्व कृत्रिम कातड्याचे नाव झाले. मुळशीच्या शेजारच्या संस्थानाचे नाव धारण करणारी भोर इंडस्ट्रीज ही कंपनी असे लेपित कापड तयार करी. अर्धवट तयार झालेला प्लास्टिकचा पापुद्रा बाजारात विकला जाऊ शकत नसेल तर त्यावर उत्पादन शुल्क लागेल काय, हा तिचा वाद १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकालात काढला आणि तो निर्णय करविषयक कायद्यात आजही उद्धृत होतो.

रेक्झिनने रंगजुळणीचा प्रश्न सोडविला नाही, तो रद्द केला. ताग्याचा रंग ठरलेला. बैठक फाटली की सगळीच नवी शिवावयाची, आत काथ्या भरावयाचा. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत ऑपेरा हाउस परिसरात मोटारीच्या सामानाचा बाजार वाढला, गावोगावी 'कुशन वर्क्स'च्या पाट्या लागल्या. या दुकानांत शिवण उत्तम होती. रंगाची पारख मात्र दोन पिढ्यांत मागे पडली, कारण तिची गरजच उरली नव्हती. येथे आणखी एक गोष्ट घडली : कृत्रिम माल हाताळणाऱ्यास जातीचा शिक्का लागत नसल्याने या धंद्यात विविध समाजांतील माणसे आली. कौशल्याच्या ऱ्हासाची आणि व्यवसाय खुला होण्याची प्रक्रिया एकच होती, ही गुंतागुंत चर्मोद्योगाविषयीच्या हळव्या लेखनात निसटते.

१९९५ च्या सुमारास पुण्याजवळ पिंपरी येथे मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली आणि चाकणचा पट्टा पुढे मोटारनिर्मितीचे केंद्र बनला. कातडी बैठक परत आली, आता मालकाची म्हणून. दरम्यान धारावीतील कमावणीचे कारखाने बव्हंशी बंद झाले होते. तयार कातडे चेन्नई, कानपूर, कोलकाता येथून येऊ लागले. २०१५ मध्ये राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी आल्यानंतर स्थानिक कातड्याचा पुरवठा आणखी आटला. म्हशीचे कातडे तेवढे राहिले, त्याचे रंध्र जाडसर असल्याने गाईबैलाच्या कातड्याशेजारी ते रंग जुळूनही वेगळे दिसते.

आज लवासाच्या पावसात फाटलेली बैठक पुण्यास आणली जाते तेव्हा कारागीर रंगद्रव्ये मिसळून फवाऱ्याने थर देतो, आणि काही ठिकाणी नमुन्याचा रंग यंत्राने मोजला जातो. यंत्र रंग अचूक सांगते, परंतु तो तुकडा कशात कमावला आहे आणि दोन उन्हाळ्यांनी कोणत्या बाजूस झुकेल, हे केवळ रंगमापनातून कळत नाही. ते सांगू शकणाऱ्या कारागिरांच्या मुलाखती घेणे अद्याप शक्य आहे. धारावी, कोल्हापूर आणि पुण्याच्या पेठांत उतारवयातील असे कारागीर आहेत, आणि महाविद्यालयांतील इतिहास व रसायनशास्त्र विभागांनी हे काम एकत्र करावयाचे ठरविले तर त्यासाठी लागणारी साधने म्हणजे एक ध्वनिमुद्रक आणि हिरडा व बाभळीत कमावलेले काही तुकडे एवढीच आहेत.