चोवीस तासांची परीक्षा

शर्यत म्हटली कीं आपल्या मनापुढें वेग उभा राहतो. परंतु फ्रान्समधील ल मां शहरीं १९२३ सालीं सुरू झालेल्या मोटारींच्या शर्यतीचें स्वरूप निराळें आहे. शनिवारीं दुपारीं निघालेली मोटार रविवारीं दुपारपर्यंत धांवती ठेवावयाची. चालक आळीपाळीनें बदलतात, मोटार मात्र तीच. चोवीस तासांत जी अधिक अंतर कापील ती जिंकली. यासाठीं कारखाने कांहीं खास मोटारी बांधतात. त्या विक्रीसाठीं नसतात, नव्या कल्पनांची कसोटी पाहण्यासाठीं असतात. हिरोशिमा येथील माझदा कंपनीच्या अशाच एका मोटारीची, '७८७ बी'ची, हकीकत आज श्रोत्यांना सांगावयाची आहे.

नेहमींच्या एंजिनांत दट्ट्ये मागेंपुढें होतात. या मोटारीच्या एंजिनांत दट्ट्या नाहींच. फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेप्रमाणें त्यांत फुगीर बाजूंचें एक त्रिकोणी चक्र लंबगोल कोठडींत फिरत राहतें. कल्पना सुंदर, पण व्यवहारांत मोठी हट्टी! चक्राच्या टोंकांवरील पट्ट्या भिंतीवर घांसत आणि तेथें ओरखडे उठत. माझदाचे लोक त्यांना सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. १९६३ सालीं केनिची यामामोतो यांच्या हाताखालीं सत्तेचाळीस अभियंते या खुणा पुसण्याच्या कामीं लागले, आणि १९६७ सालीं कंपनीनें असें एंजिन बसविलेली मोटार बाजारांत आणली. दुसरा दोष पेट्रोल फार पिण्याचा. १९७३ च्या तेलटंचाईनंतर बहुतेक कारखान्यांनीं हा नाद सोडला. हिरोशिमानें सोडला नाहीं.

त्याच सालीं हें एंजिन बसविलेली एक जपानी मोटार ल मां येथें उतरली व अर्ध्यावरच थांबली. पुढें वर्षांमागून वर्षें गेलीं. लहान वर्गांत यश मिळालें, पण पहिलें स्थान दूरच राहिलें. १९९० सालीं नव्या '७८७' जातीच्या दोन्ही मोटारी शर्यत पुरी करूं शकल्या नाहींत. आतां वेळही उरला नव्हता, कारण ठरलेल्या नव्या नियमांप्रमाणें १९९१ नंतर या एंजिनाला तेथें दार बंद होणार होतें.

त्या वर्षीं सुधारलेल्या मोटारींत चार चक्रांचें, सुमारें ७०० अश्वशक्तीचें एंजिन होतें. गतीप्रमाणें हवेच्या नळ्यांची लांबी कमीजास्त होई, त्यामुळें पेट्रोल वांचे. हें महत्त्वाचें होतें, कारण चोवीस तासांसाठीं २,५५० लिटर एवढाच सांठा मिळे. माझदाला वजनाचीही सवलत होती. तिची मोटार ८३० किलोची, तर मर्सिडीज व जाग्वार यांच्या १,००० किलोच्या होत्या. हें सांगितल्याविना इतिहास पुरा होत नाहीं.

५५ क्रमांकाची ही मोटार एकोणिसाव्या जागेवरून निघाली. फोल्कर वाइडलर, बर्त्रां गाशो व जॉनी हर्बर्ट हे तिचे चालक. रात्रभर ती न कुरकुरतां पुढें सरकत राहिली. रविवारीं दुपारीं एकच्या सुमारास आघाडीची मर्सिडीज तापून थांबली आणि माझदा पुढें झाली. ३६२ फेऱ्या पुऱ्या करून, दुसऱ्या आलेल्या जाग्वारपेक्षां दोन फेऱ्या अधिक घेऊन, ती जिंकली. जपानी मोटारीचा तेथील हा पहिलाच विजय. दुसरा पाहण्यास २०१८ साल उजाडावें लागलें. अखेरच्या पाळीनें थकलेला हर्बर्ट मात्र उतरतांच कोसळला. विजयमंचावर त्याला उभें राहतां आलें नाहीं. तो मान त्याला वीस वर्षांनीं, २०११ सालीं, मिळाला.

ही मोटार जिंकली म्हणून तिच्या एंजिनावर बंदी आली, अशी दंतकथा आहे. पण बंदी आधींच ठरली होती. विजय मिळाला तो मिटत्या दारांतून. मर्सिडीज तिच्याहून वेगवान होती, परंतु ल मां येथें शेवटच्या तासांतही जी चालत राहते तिलाच वेगाचें फळ मिळतें. पट्ट्यांचे ओरखडे पुसण्यांत हिरोशिमाच्या अभियंत्यांनीं जीं वर्षें घालविलीं, त्यांचा हिशेब त्या चोवीस तासांत चुकता झाला.