एचएचं इंजेक्शन, 1968

1968 चा पावसाळा. तुम्ही निगडीत आहात, अंथरुणाला खिळलेले. नवनगर वसवणारं प्राधिकरण यायला अजून चार वर्षं आहेत. पिंपरी-चिंचवडला नगरपालिकासुद्धा नाही. संध्याकाळ झाली की ताप चढतो, परवा खोकल्यात रक्त पडलं. घरच्यांनी तुमची ताट-वाटी वेगळी काढलीय. क्षय हा शब्द मोठ्याने कुणी काढत नाही.

कंपाउंडर काचेची सिरिंज उकळतो, बाटलीतल्या पांढऱ्या पावडरीत डिस्टिल्ड वॉटर सोडून हलवतो. ‘‘स्ट्रेप्टोमायसिन. एचएचं आहे, आपल्या पिंपरीचं,’’ तो ऐटीत सांगतो. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, 1954 ची सरकारी कंपनी. आधी पेनिसिलीन, मग हे. ते तयार करणारा जंतू मातीतला. पहिल्या पावसाच्या वासात त्याच्या भाऊबंदांचा वाटा असतो. सुई दुखते, चांगलीच. उद्या पुन्हा आहे.

औषध क्षयाच्या जंतूत शिरतं आणि त्याच्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला, चिकटतं. यंत्र निरोप चुकीचा वाचू लागतं, भलतीच प्रथिनं बाहेर पडतात, जंतू मरतो. 1968 मध्ये एवढं माहीत आहे. चिकटण्याची नेमकी जागा 2000 मध्ये केंब्रिजला वेंकी रामकृष्णन यांच्या गटाला दिसेल.

मग तुम्ही कसे वाचता? तुमचे रायबोसोम वेगळ्या घडणीचे. ते पेशीच्या केंद्रकीत जुळतात, न्यूक्लिओफॉस्मिनसारखी प्रथिनं तिथे राबतात. तुमच्या या रायबोसोमांवर औषधाचा फारसा जोर चालत नाही.

तरी महिन्याभराने मोरीत तोंड धुताना डोळे मिटता आणि तोल जातो. कानात किर्र वाजत राहतं. बाटलीचा दोष नाही, औषधाचा स्वभावच तो. कुणालाही हा त्रास होऊ शकतो. पेशीतल्या तंतुकणिकांचे रायबोसोम निराळे: केंद्रकीत नव्हे, तिथेच जुळलेले, जंतूंच्या रायबोसोमशी नातं सांगणारे. काही कुटुंबांत आईकडून आलेला डीएनएतल्या एकाच अक्षराचा फरक त्यांना आणखीच जंतूंच्या वळणावर नेतो आणि थोड्या डोसनेही ऐकू येणं कायमचं जातं. हे 1993 मध्ये उलगडेल. कंपाउंडरला आज ते कळायची सोयच नाही.

आज हे वाचणाऱ्या तुम्हाला मात्र ती आहे. घरात कुणाला स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन किंवा जेंटामायसिन सुरू होणार असेल आणि आईकडच्या कुणाचे कान अशा इंजेक्शनाने गेले असतील, तर पहिली सुई टोचण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला.