माउंट, खुंट आणि कलम

पावसाळ्यात रत्नागिरीकडच्या कुठल्याही रोपवाटिकेत कोय कलम बांधताना पाहावे. कोयीतून वर आलेल्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटतात, मधोमध चीर देतात, हापूसच्या काडीचे टोक पाचरीसारखे तासून त्या चिरेत बसवतात आणि वर पट्टी गुंडाळतात. खाली रायवळचा खुंट, वर हापूस. पाणी मात्र खुंटातूनच वर जायचे.

संगणकातल्या ‘माउंट’चे मला जे चित्र दिसते ते हेच. युनिक्समध्ये १९७१पासून ही आज्ञा आहे. फाइलींचे झाड एकच, आणि वेगळी डिस्क त्या झाडाच्या एखाद्या फोल्डरवर आणून जोडायची. मग तिच्यातल्या फाइलींकडे जाणारी वाट त्या फोल्डरातूनच जाते. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला डोंगर आहे, डोंगर चढणे आहे. पूर्वी टेपची रिळे आणि जडशीळ डिस्का माणसे हातांनी यंत्रावर चढवत, म्हणून तो शब्द तिथे शोभला. मराठीत ‘आरूढ’ म्हटले तर घोडा आणि स्वार डोळ्यांपुढे येतात, झाड येत नाही. मला ‘कलम करणे’ हवे.

त्याला दुसरेही कारण आहे, आणि तेच मला अधिक मोलाचे वाटते. कोणकोणत्या डिस्का कुठे जोडल्या आहेत हे लिनक्सवरच्या प्रोग्रॅमला हवे असेल, तर तो ‘प्रॉक’ नावाच्या फोल्डरातली ‘माउंट्स’ ही यादी उघडतो. एकेका ओळीत सहा रकाने असतात: कोणते साधन, कुठे जोडले, फाइल सिस्टिमचा प्रकार कोणता, अटी काय (फक्त वाचायचे की लिहायचेही) आणि शेवटी दोन आकडे. सी भाषेत यासाठी ‘गेटएमएनटीएंट’ हे फंक्शन आहे. दर हाकेला ते एक ओळ हाती देते. त्या नावातले शेवटचे ‘एंट’ म्हणजे एंट्री, नोंद. आणि जुन्या मराठी कागदांत यादीतल्या एकेका नोंदीला काय म्हणत? कलम! कलमवार यादी म्हणतात ती हीच.

जोड म्हणजे कलम, जोडीची नोंद म्हणजे कलम आणि नोंद लिहायची तेही कलमानेच. शब्द अरबीतून फारसीवाटे आला, त्याही मागे ग्रीक ‘कालामोस’ म्हणजे बोरू. बोरूचे टोक तासतात, हापूसच्या काडीचेही तासतात. १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला. त्यांना हा शब्द चालला नसता. ‘दिनांक’ त्यांच्याकडून आपण आनंदाने घेतला, पण कलम कोकणच्या मातीत इतके खोल रुजले आहे की ते उपटू नये असे मला मनापासून वाटते.

एका ठिकाणी उपमा अडते. खुंटाचा शेंडा छाटला की गेला. फोल्डरात आधीपासून असलेल्या फाइली मात्र डिस्क जोडल्यावर नुसत्या झाकल्या जातात आणि डिस्क काढली की जशाच्या तशा पुन्हा दिसतात. त्या उलट क्रियेला मी ‘सोडवणे’ म्हणेन.