संगणकाच्या वीजपुरवठा संचावर कार-स्टिरिओ
मोटारीतील स्टिरिओ घरगुती विजेवर चालविण्यासाठी संगणकाचा वीजपुरवठा संच वापरण्याची पद्धत. इंटेलच्या १९९५ च्या एटीएक्स मानकाचे (पहा : संगणक) संच १२ व्होल्ट एकदिश दाब देतात. मुख्य जोडणीतील हिरवी तार काळ्या तारेला जोडली की संच सुरू होतो. त्याच्या पिवळ्या तारांतून १२ व्होल्ट मिळतात. स्टिरिओची कायम पुरवठ्याची पिवळी व चावीवरची लाल या दोन्ही तारा बहुधा त्यांनाच जोडतात. काळी तार काळीला. काही जुन्या संचांत ५ व्होल्टच्या बाजूला भार नसल्यास १२ व्होल्टचा दाब ढळतो. इंजिन चालू असताना मोटारीत सु. १४ व्होल्ट मिळत असल्याने घरी कमाल आवाज किंचित घटतो. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या क्षणिक मागणीने मात्र संच स्वतःच बंद पडू शकतो (पहा : विवर्धक).