स्मृती जाते, मग पाय का अडखळतात?

मागच्या वेळी आपण स्मृतीबद्दल बोललो, आज पायांबद्दल बोलू. अल्झायमर झालेल्या माणसाची चाल का बिघडते, हा प्रश्न वरवर डॉक्टरांचा वाटतो. पण मन वेगळं आणि शरीर वेगळं, अशी वाटणी करायची आपली जुनी सवय त्यामागे दडलेली आहे. ती कशी, ते इतिहासातूनच पाहू.

नोव्हेंबर १९०१. फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांच्या ऑगुस्टे डेटर दाखल झाल्या. डॉ. आलोइस अल्झायमर यांनी त्यांना तपासलं. स्वतःचं नाव लिहिता लिहिता त्या मध्येच विसरत. एप्रिल १९०६ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या मेंदूची तपासणी करून अल्झायमर यांनी ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगनला व्याख्यान दिलं. १९०७ मध्ये ते छापून आलं. पेशींच्या आतली तंतूंची गुंतवळ आणि बाहेर साचलेले डाग, ही त्यातली नोंद जगप्रसिद्ध झाली. पण त्याच छोट्या लेखात आणखी दोन गोष्टी आहेत. आरंभी ते लिहितात की, चाल बिघडलेली नाही, दोन्ही हात सारखेच चालतात. अखेरीस मात्र बाई पाय आखडून अंथरुणाला खिळलेल्या आहेत. मध्ये गेली ती साधारण साडेचार वर्षं. या काळात मेंदूत काय झालं असेल?

हा प्रश्न बराच काळ मागे पडला, कारण आपण दोन कप्पे करून ठेवले होते. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये कंपवातावर लिहिलं, तेव्हा त्यात बुद्धी शाबूत राहते असं म्हटलं. म्हणजे हालचालींचा आजार पार्किन्सनच्या कप्प्यात, आठवणींचा अल्झायमरच्या! देकार्तने १७ व्या शतकात मन आणि देह यांच्यात आखलेली रेघ जणू रोगांच्या यादीतही उतरली.

पण मेंदूला ही रेघ ठाऊक नव्हती. अल्झायमर यांच्याच म्युनिकच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या फ्रिट्झ लेवी यांनी १९१२ मध्ये कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत, पेशींच्या आत गोल पुंजके पाहिले. त्यांनाच पुढे ‘लेवी बॉडी’ म्हणू लागले. १९७६ मध्ये जपानच्या केन्जी कोसाका यांनी स्मृतिभ्रंश आणि कंपवात दोन्ही असलेल्या रुग्णाच्या मेंदूच्या बाह्यपटलातही तेच पुंजके दाखवले. आज आपल्याला माहीत आहे की अल्झायमरच्या अनेक रुग्णांच्या मेंदूत गुंतवळीबरोबर हे पुंजकेही सापडतात. हालचालींना लागणारं डोपामीन जिथे तयार होतं, त्या मेंदूच्या खोल भागातल्या पेशी झिजल्या की अंग ताठरतं, पावलं आखूड पडतात.

मात्र सगळं एवढ्यावर भागत नाही. १९९१ मध्ये हाइको आणि एव्हा ब्राक यांनी गुंतवळ मेंदूत कोणत्या क्रमाने पसरते ते मांडलं. आधी स्मृतीशी निगडित भाग, मग पुढचे भाग. स्नायूंना थेट हुकूम देणारा पट्टा अगदी शेवटी. म्हणजे पायांत बळ असतं, तरी चाल बिघडते! कारण चालायला नुसतं बळ पुरत नाही. लक्ष लागतं, ते कपाळामागच्या भागाचं काम. पायरी किती खोल, खुर्ची किती लांब, हा अंदाज लागतो, ते वरच्या-मागच्या भागाचं काम. शर्टाची बटणं कोणत्या क्रमाने लावायची ही जुळणीही तिथलीच. हातात ताकद असून कृती जमत नाही, या अवस्थेचं वर्णन ह्यूगो लीपमान यांनी १९०० मध्येच केलं होतं. शिवाय या भागांना जोडणारे तंतू बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराने झिजले, तर निरोप उशिरा पोचतात.

१९९७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली: बोलताना ज्या वृद्धांना थांबावं लागतं, ते पुढे जास्त पडतात. पाहा, चालणंसुद्धा विचारातच येतं!

आता याचा आपल्या घरांशी काय संबंध? आजोबा अडखळले की आपण म्हणतो, ‘वय झालं’. सून म्हणते, ‘हट्ट करतात, बसा म्हटलं तरी बसत नाहीत’. तो हट्ट नसतो, मंडळी. खुर्ची कुठे आहे आणि अंग कसं वळवायचं, याचा मेळच बसत नसतो. तेव्हा चालताना त्यांना प्रश्न विचारू नयेत. एका वेळी एकच सूचना द्यावी. जिन्याच्या कडेला ठळक पट्टी लावावी. आणि चाल बदलली तर डॉक्टरांना जरूर सांगावं. लेवी बॉडीचा आजार असेल, तर भास किंवा चिडचिड आवरायला दिलेली काही औषधं अंग भयंकर ताठर करतात, जिवावरही बेतू शकतात. आपण वेळेवर सांगितलेली एक गोष्ट तिथे उपयोगी पडते.

अल्झायमर यांनी चालीची नोंद केली, कारण त्यांनी अख्ख्या माणसाकडे पाहिलं होतं. घरातल्या माणसाकडे आपणही तसंच पाहावं, एवढंच. पुढच्या वेळी भाषेकडे वळू.