२२ जूनच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बहिणी

पोखर्णीसारख्या गावात लेकीचा वाटा म्हणजे साडीचोळी. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने तिला वडिलांच्या हिश्श्यातला तुकडा दिला. महाराष्ट्राने २२ जून १९९४पासून वडिलोपार्जित जमिनीत भावाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे मे महिन्याच्या लग्नसराईत उजवलेली थोरली बाहेर, बिनलग्नाची धाकटी आत! आम्ही सॉफ्टवेअरवालेसुद्धा कटऑफ तारीख इतकी निर्दयपणे लावत नाही.

ही अट केंद्राच्या २००५च्या दुरुस्तीने गेली. तेव्हा वडील हयात असण्याचीही गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं ते २०२०मध्ये. आता सातबाऱ्यावर थोरलीचंही नाव लागतं. मग दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र होतं, बहुधा विनामोबदला. माहेरचं दार उघडं राहावं म्हणून ती सही करते.